जुन्या मोटरसायकलचा ऑइल प्रेशर स्विच: आधी तपासा, मग बदला

हँडलवरच्या मीटरमध्ये तेलाच्या कॅनचं चित्र असलेला लाल दिवा असेल, तर त्या दिव्याच्या दुसऱ्या टोकाला इंजिनवर एक छोटा स्विच बसवलेला असतो. हा लेख त्याच्याबद्दल आहे. स्प्लेंडर, कास्ट आयर्नची जुनी बुलेट किंवा आरएक्स १०० असेल तर शोधत बसू नका, त्यांच्यात हा स्विच नाही. तो असतो मुख्यतः १९७० ते १९९० च्या काळातल्या जपानी फोर स्ट्रोक गाड्यांवर: होंडाच्या सीबी मालिकेतल्या चार सिलिंडरच्या गाड्या, सुझुकीच्या जीएस, कावासाकीच्या झेड. परदेशात राहणारे अनेक मराठी हौशी लोक अशा गाड्या घेऊन दुरुस्त करतात, आणि भारतातही आयात केलेल्या काही गाड्या फिरताहेत. बजाजने २००९ मध्ये भारतात आणलेली कावासाकी निन्जा २५० आर आता जुनी म्हणावी अशी झाली आहे, तिच्यातही हा दिवा आहे.

खाली दिलेली मापं प्रामुख्याने होंडाच्या गाड्यांची आहेत. तुमची गाडी दुसऱ्या कंपनीची असेल तर पद्धत तीच, पण आटे आणि टॉर्क (आवळण्याचा जोर) तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या.

दिवा नेमकं काय सांगतो

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच होतो. हा दिवा तेल किती आहे ते सांगत नाही, तेलाला दाब आहे की नाही एवढंच सांगतो. इंजिनात तेल अर्धा लिटर कमी असलं तरी पंपाला ते मिळतंय तोवर दिवा विझलेलाच राहील. आणि तेल काठोकाठ असूनही पंपाची जाळी तुंबली असेल तर दिवा पेटेल. म्हणून दिवा पेटत नाही याचा अर्थ तेल बघायची गरज नाही असा होत नाही.

स्विचच्या आत एक पातळ पडदा आणि स्प्रिंग असते. दाब नसताना स्प्रिंग संपर्क मिटवून ठेवते आणि तार इंजिनाच्या बॉडीला, म्हणजे अर्थला, जोडली जाते. इंजिन सुरू झालं की तेल पडद्याला ढकलतं, संपर्क सुटतो, दिवा विझतो. हा दाब अगदी कमी असतो, बहुतेक जपानी स्विचमध्ये साधारण ०.२ ते ०.४ किलो प्रति चौ.सेंमी. सर्किट असं: बॅटरी, चावीचा स्विच, फ्यूज, दिवा, तार, ऑइल स्विच, इंजिनाची बॉडी. होंडाच्या गाड्यांत ही तार निळी असते आणि तिच्यावर लाल पट्टी असते. स्विच कुठे आहे ते सापडत नसेल तर पुस्तक उघडण्याआधी या तारेचा माग काढा. ती क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचावर, एका रबरी टोपीखाली जाऊन संपते.

खरंच स्विचच खराब आहे का?

तीन वेगळ्या तक्रारी असतात आणि तिन्हींची तपासणी वेगळी.

चावी लावली, इंजिन बंद आहे, तरी दिवा पेटतच नाही. स्विचवरची तार काढा आणि तिचं टोक इंजिनाच्या एखाद्या स्वच्छ, रंग नसलेल्या बोल्टला टेकवा. दिवा पेटला तर बल्ब आणि तार ठीक आहेत, स्विच आतून उघडा पडलाय किंवा त्याचा अर्थ तुटलाय. पेटला नाही तर बल्ब, फ्यूज किंवा तार बघा. बल्ब जळालेला असताना स्विच बदलणारे लोक बरेच भेटतात, कारण चावी लावल्यावर दिवा पेटायला हवा हेच त्यांना माहीत नसतं.

इंजिन सुरू असताना दिवा विझत नाही किंवा चालताना अचानक पेटतो. इंजिन लगेच बंद करा. “घरापर्यंत जाऊ या” हा विचार इथे महागात पडतो, कारण क्रँकच्या साध्या (गोळ्या किंवा रोलर नसलेल्या) बेअरिंगना तेलाशिवाय फार थोडा वेळ मिळतो. आधी तेलाची पातळी बघा. मग इंजिन बंद ठेवूनच, चावी लावून, स्विचवरची तार काढा. तार सुटल्यावरही दिवा पेटलेला राहिला तर तार कुठेतरी घासून बॉडीला लागली आहे. विझला तर दोनच शक्यता उरतात: स्विच आत अडकलाय, किंवा दाब खरोखरच नाही. यातलं कोणतं ते प्रेशर गेजशिवाय कळत नाही, आणि इथे अंदाज चालत नाही.

तिसरी तक्रार गळतीची. रबरी टोपीत तेल साचतं, तार तेलकट होते. तेल स्विचच्या मधल्या पिनेजवळून, म्हणजे प्लॅस्टिक आणि धातूच्या सांध्यातून येत असेल तर पडदा किंवा आतलं सील गेलं. अशा स्विचची दुरुस्ती होत नाही, नवाच घ्यावा लागतो. तेल आट्यांपाशी येत असेल तर स्विच चांगला असू शकतो, फक्त सीलंट लावून पुन्हा बसवायचा. फरक ओळखायला जागा रॉकेलने स्वच्छ धुवा, कोरडी करा, इंजिन दोन मिनिटं चालवा आणि टॉर्चच्या उजेडात बघा.

गेजची तपासणी सोपी आहे. बहुतेक होंडांमध्ये स्विचच्याच भोकात ती करता येते. १/८ इंची टेपर आट्याचा अ‍ॅडॉप्टर आणि ० ते १० किलोचं गेज बसवा, इंजिन पूर्ण गरम करा. साध्या बेअरिंगच्या चार सिलिंडर इंजिनात ५,००० आरपीएमच्या आसपास साधारण ४ ते ६ किलो दाब दिसतो, अचूक आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये असतो. गरम इंजिनात आयडलवर दाब पुष्कळ कमी होतो, ते नेहमीचंच.

सुझुकीच्या सुरुवातीच्या जीएस आणि कावासाकीच्या झेड १ ची गोष्ट मात्र वेगळी. त्यांचा क्रँक रोलर बेअरिंगवर फिरतो, त्यांना जोराचा दाब लागत नाही. जीएस ७५० किंवा जीएस १००० मध्ये ३,००० आरपीएमला तेल गरम असताना ०.१ ते ०.५ किलो एवढाच दाब अपेक्षित असतो. होंडाचा माणूस जीएसचं गेज बघून घाबरतो, ते यामुळे. आणि याच कारणाने होंडाचा स्विच जीएसमध्ये बसला तरी चालेलच असं नाही: ज्या दाबावर तो उघडतो तेवढा दाब त्या इंजिनात गरम असताना कदाचित येणारच नाही, आणि दिवा पेटलेला राहील.

एक आणखी सापळा. जुन्या कार्ब्युरेटरचा फ्लोट वाल्व्ह गळत असेल किंवा टाकीचा कॉक नीट बंद होत नसेल तर रात्रभरात पेट्रोल सिलिंडरमधून खाली तेलात उतरतं. तेल पातळ होतं, पातळी वाढलेली दिसते आणि गरम झाल्यावर आयडलला दिवा लुकलुकतो. डिपस्टिक नाकाजवळ धरा. पेट्रोलचा वास आला तर गाडी चालवू नका. आधी कार्ब्युरेटर दुरुस्त करा, मग तेल आणि फिल्टर बदला. स्विचचा इथे काही दोष नाही.

नवा स्विच घेताना

आटा हाच सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. होंडा आणि बऱ्याच जपानी गाड्यांवर तो १/८ इंची ब्रिटिश पाइप आटा असतो, टेपर स्वरूपात: एका इंचात २८ आटे, टोकाकडे निमुळता, १६ ला १ या प्रमाणात. बाहेरचा व्यास साधारण ९.७ मिलिमीटर. दिसायला याच्यासारखाच, पण वेगळा असा अमेरिकन १/८ पाइप आटा असतो: इंचाला २७ आटे, कोनही वेगळा (५५ ऐवजी ६० अंश), व्यास थोडा जास्त, १०.३ मिमीच्या जवळ. तो हाताने दीड-दोन फेरे सहज जातो, मग अडतो. अडल्यावर पाना लावला की अ‍ॅल्युमिनियमचे आटे गेले किंवा क्रँककेसला तडा गेला. एम १० बाय १ हा सरळ आटाही जवळपास त्याच मापाचा असतो. बीएमडब्ल्यूच्या जुन्या हवेने थंड होणाऱ्या बॉक्सर इंजिनांत तर एम १२ बाय १.५ असतो. म्हणून दुकानात जाताना जुना स्विच खिशात असू द्या आणि दोघांचे आटे एकमेकांत अडकवून उजेडासमोर धरा. मध्ये फट दिसता कामा नये.

पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मागितलं तर दुकानदार कारचा स्विच काढून देईल. जपानी कारमध्येही १/८ पाइप आटा बराच वापरतात, त्यामुळे तो बसतोही. तरी तीन गोष्टी पाहिल्याशिवाय घेऊ नका: किती दाबावर उघडतो, तार कशी जोडायची (स्क्रू, पिन की चपटं टर्मिनल), आणि स्विचची उंची. मोटरसायकलवर जागा कमी असते, उंच स्विच एक्झॉस्टला किंवा कव्हरला लागतो.

नवा स्विच मल्टिमीटरने तपासा. मधलं टर्मिनल आणि धातूची बॉडी यांच्यामध्ये जवळपास शून्य ओहम दिसायला हवा. कॉम्प्रेसरची हवा अगदी हळू दिली, तर अर्धा किलो दाबाच्या आत संपर्क सुटायला हवा. यात पाच मिनिटं जातात, पण खराब नवा स्विच बसवून पुन्हा काढण्यापेक्षा बरं.

जवळ काय हवं

स्विचच्या षटकोनाच्या मापाचा गोटी पाना, शक्यतो खोल गोटी. माप मॉडेलनुसार बदलतं, म्हणून आधी कॅलिपरने मोजा. जपानी क्रॉस स्क्रूचा ड्रायव्हर: साधा फिलिप्स या स्क्रूंमध्ये नीट बसत नाही, वर उचलला जातो आणि स्क्रूचं तोंड खातो. छोटा टॉर्क पाना, १२ न्यूटन-मीटर दाखवणारा. पाइप आट्यांसाठीचं न कडक होणारं सीलंट. नायलॉनचा ब्रश, रॉकेल, फडकी, तेल धरायला पसरट तसराळं.

टेफ्लॉन टेप वापरू नका. प्लंबिंगची सवय असलेल्यांचा हात आपोआप तिकडेच जातो. पण टेपचे तुकडे तेलाच्या वाटेत जाऊन अडकतात, आणि जाड गुंडाळलेली टेप स्विचचा अर्थ कमकुवत करते. स्विचला वेगळी अर्थची तार नसते, त्याची बॉडीच त्याचा अर्थ आहे.

काम

गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करा. इंजिन कोमट असू द्या, हात लावता येईल इतकं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. स्विच तेलाच्या पातळीच्या खाली असेल तर तेल बाहेर येणार, म्हणून हे काम ऑइल बदलण्याच्या दिवशीच धरा. वर असेल तर जास्तीत जास्त अर्धी वाटी तेल गळेल.

काढण्याआधी आजूबाजूची जागा ब्रश आणि रॉकेलने धुवा, फडक्याने पुसा. हा टप्पा कंटाळवाणा म्हणून लोक वगळतात आणि स्विच निघाला की वर्षानुवर्षांची धूळ सरळ भोकात जाते. तिथून ती बेअरिंगपर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

रबरी टोपी वर सरकवा. जुनी असेल तर ताठ झालेली असते, ओढू नका, कडेने सोडवा. स्क्रू सोडवताना स्विचचा षटकोन पान्याने धरून ठेवा. स्क्रू जाम असेल तर त्याच्यावर भेदक तेल टाकून पंधरा मिनिटं थांबा. स्विच फेकायचाच आहे, म्हणून स्क्रू तुटला तरी फार बिघडत नाही, तारेचं टर्मिनल तेवढं सांभाळा.

आता गोटी लावून स्विच सोडवा. घड्याळाच्या उलट दिशेला, सरळ जोराने, झटके न देता. वरचा भाग प्लॅस्टिकचा असतो, त्याला पकड लावू नका, तो तुटून धातूचा आटा आतच राहतो. राहिलाच, तर इंजिन सुरू न करता तो भाग बाहेरून गरम करा, डाव्या आट्याचा एक्स्ट्रॅक्टर वापरा आणि ड्रिलचा बारीक चुरा आत जाऊ देऊ नका. हात बसलेला नसेल तर या एका कामासाठी गॅरेज गाठणं शहाणपणाचं.

स्विच निघाल्यावर भोकातले आटे नायलॉनच्या ब्रशने, रॉकेलच्या फडक्याने पुसा. जुन्या सीलंटचे धागे बाहेर ओढा, आत ढकलू नका. आटे बघा: चमकणारी पातळ पट्टी निघाली असेल तर आधीच्या कोणीतरी चुकीचा आटा घुसवलाय. टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवायची वेळ आली तर तो ग्रीसने माखून, हातानेच, आणि तोही १/८ ब्रिटिश टेपरचाच.

नव्या स्विचच्या आट्यांवर सीलंट लावा, पण टोकाकडचे ३ ते ४ मिलिमीटर कोरडे सोडा. तेलाच्या भोकात सीलंट गेलं तर स्विच कायमचा बधिर होतो. थर पातळ हवा.

हाताने दोन-तीन फेरे फिरवा. इथे तो सहज फिरलाच पाहिजे. अडखळला तर काढा, पुन्हा सरळ धरून लावा. मग टॉर्क पाना: १२ न्यूटन-मीटर. टॉर्क पाना नसेल तर असा विचार करा, मध्यापासून १५ सेंटिमीटर लांब धरलेल्या पान्यावर साधारण ८ किलोचा जोर. म्हणजे मनगटाचा जोर, खांद्याचा नाही.

टेपर आटा शेवटपर्यंत बसत नाही, आणि ते बरोबरच आहे. एक-दोन आटे बाहेर राहिले की नवखा माणूस समजतो काम अर्धवट राहिलं, आणि षटकोन क्रँककेसला टेकेपर्यंत आवळत जातो. पाचरीसारखा निमुळता स्विच भोकाच्या भिंती बाहेर ढकलतो, आणि जुन्या अ‍ॅल्युमिनियमला भोकापासून सुरू झालेली एक केसासारखी चीर पडते. तिच्यातून तेल झिरपतं आणि ते पुन्हा सीलंट लावून थांबत नाही. या दुरुस्तीत होणारं सगळ्यात मोठं नुकसान हेच, आणि ते शंभर टक्के हाताने केलेलं असतं.

तार जोडायच्या आधी टर्मिनल बारीक सँडपेपरने घासा. स्क्रूचा टॉर्क अवघा २ न्यूटन-मीटर, म्हणजे ड्रायव्हर दोन बोटांनी धरून आवळा. तार अशी वळवा की चेन किंवा एक्झॉस्टच्या वाटेत येणार नाही, आणि थोडी सैल ठेवा, इंजिन हलतं. टोपीच्या आत थोडं सिलिकॉन ग्रीस लावलं की पावसाचं पाणी आत शिरत नाही. कोकणातल्या पावसात आणि खाऱ्या हवेत ही टोपी फाटकी असेल तर टर्मिनल हिरवं पडायला एक हंगाम पुरतो.

सुरू करून बघणं

तेल किती गळलं तेवढं भरा. सीलंटच्या ट्यूबवर सुकायची वेळ दिली असेल ती पाळा. न कडक होणारं असेल तर लगेच चालतं, सिलिकॉन लावलं असेल तर रात्रभर ठेवा.

बॅटरी जोडा, चावी लावा: दिवा पेटला पाहिजे. इंजिन बंद करणारा लाल स्विच ऑफ ठेवून, स्टार्टर चालत असेल तर पाच सेकंद फिरवा. या वेळात काही गाड्यांचा दिवा विझतो. मग इंजिन सुरू करा, दिवा दोन-तीन सेकंदांत विझायला हवा. फिल्टरही बदलला असेल तर नवा फिल्टर भरायला थोडा जास्त वेळ लागतो. दहा सेकंद उलटून गेले तरी विझला नाही तर इंजिन बंद करा.

सीबी ७५० चार सिलिंडरच्या जुन्या मॉडेलमध्ये तेल वेगळ्या टाकीत असतं. ती बरेच दिवस उभी राहिली की टाकीतलं तेल झिरपून क्रँककेसमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर तेल कमी दिसतं. थंड गाडीत ते बघून तेल ओतलं की जास्त होतं. इंजिन थोडा वेळ चालवा, बंद करा आणि मगच पातळी मोजा.

दोन मिनिटं आयडलवर ठेवून स्विचभोवती फडकं फिरवा. मग दहा मिनिटांची फेरी मारून पुन्हा बघा. तेल गरम आणि पातळ झाल्यावरच खरी गळती दिसते. ५० ते १०० किलोमीटरनंतर एकदा शेवटचं तपासा. तेव्हा ओलसर वाटलं तर अजून आवळू नका. स्विच काढा, दोन्ही बाजूचे आटे पुसा, नव्याने सीलंट लावा, पुन्हा १२.

नवा स्विच बसवूनही दिवा गरम आयडलला लुकलुकत असेल, आणि गेज १,००० आरपीएमलाही पुरेसा दाब दाखवत असेल, तर स्विच चुकीच्या दाबाचा आहे. गेजही कमी दाखवत असेल तर आयडल जरा वाढवून बघा, तेल कंपनीने सांगितलेल्या घट्टपणाचं आहे का बघा, आणि मग ऑइल पंपाची जाळी उघडा. जुन्या गाड्यांत त्या जाळीवर आधीच्या कोणीतरी गॅस्केटला लावलेल्या सिलिकॉनचे तुकडे चिकटलेले हमखास सापडतात.